पोलीस गोळीबारातील मृत्यूच्या चौकशीसाठी आयोगाची मागणी: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

पोलीस गोळीबारात कोणी मृत्युमुखी पडले की न्यायालयीन चौकशीची मागणी होते. ही चौकशी करणारा आयोग चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या कलम ३ खाली नेमला जातो. सार्वजनिक महत्त्वाच्या निश्चित बाबीसाठी राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून आयोग नेमू शकते, आणि विधिमंडळाने तसा ठराव संमत केल्यास नेमणूक बंधनकारक ठरते.

मागणीसाठी पात्रतेची अट किंवा ठराविक नमुना कायद्यात नाही. मृताचे नातेवाईक, जखमी, प्रत्यक्षदर्शी किंवा संघटना गृह विभागाकडे लेखी अर्ज करू शकतात. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख अवश्य घ्यावी. सोबत एफआयआर, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, जखमींची उपचारपत्रे आणि साक्षीदारांची शपथपत्रे जोडावीत. चित्रीकरण असल्यास त्याची प्रत द्यावी, मूळ मोबाइल मात्र जपून ठेवावा.

अर्जात सर्वाधिक कष्ट विचारार्थ विषयांवर, म्हणजे आयोगाने तपासायच्या प्रश्नांवर, घ्यावेत, कारण अधिसूचनेत जे विषय येतात त्यांच्याच चौकटीत आयोग काम करतो. ‘घटनेची चौकशी व्हावी’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. गोळीबाराचा आदेश कोणी दिला, त्याआधी इशारा दिला होता का, वापरलेले बळ परिस्थितीच्या मानाने आवश्यक होते का, जखमींना उपचार केव्हा मिळाले, हे प्रश्न स्वतंत्रपणे मांडावेत.

आयोगाला साक्षीदारांना बोलावण्याचे आणि दस्तऐवज मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, परंतु तो शिक्षा देऊ शकत नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात १० जणांचा मृत्यू झाला. त्याची चौकशी न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने केली, पण संबंधित अधिकाऱ्याला शिक्षा झाली ती वेगळ्या फौजदारी खटल्यात, २००९ साली. म्हणून आयोगाची वाट पाहत फौजदारी तक्रार थांबवू नये. पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारीय चौकशी झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १९६ खाली होते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची असल्यास घटनेपासून एका वर्षाची मुदत पाळावी लागते.

आयोग नेमला गेल्यावर जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत शपथपत्र दाखल करावे. अहवाल सादर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो, केलेल्या कार्यवाहीच्या ज्ञापनासह, विधिमंडळासमोर ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. ही तारीख नोंदवून ठेवावी आणि ती उलटल्यास आपल्या आमदारांमार्फत सभागृहात प्रश्न उपस्थित करावा.