हप्ता आईच्या खात्यात, परिणाम पोरांच्या मनावर

सीमाभागात सध्या दोन सरकारांच्या हप्त्यांची तुलना चालते. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या बाईला कर्नाटकाची गृहलक्ष्मी, महिन्याला २००० रुपये. कोगनोळी नाका ओलांडून कागलला दिलेल्या तिच्या बहिणीला लाडकी बहीण, १५०० रुपये. कट्ट्यावरचं मत मात्र नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकच: "फुकटच्या पैशानं पोरं बिघडतात बघा."

हे मत एका ठिकाणी आपोआप तपासलं गेलं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ पश्चिम भागात १९९३ पासून ९, ११ आणि १३ वर्षांच्या १४२० मुलांच्या मानसिक आरोग्याच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. त्यातली पाव मुलं चेरोकी या आदिवासी जमातीची. अभ्यास चालू असतानाच जमातीने कॅसिनो काढला आणि १९९६ पासून नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. अट कसलीच नाही. २००१ पर्यंत ही रक्कम माणशी वर्षाला सुमारे ६००० डॉलरवर गेली. मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहायचा. घरात यायचा तो आईबापांचा. गरिबीमुळे मन बिघडतं की मन बिघडल्यामुळे गरिबी येते, हा गुंता एरवी सुटत नाही. इथे पैसा कुणाच्या कर्तबगारीने आलेला नव्हता, म्हणून तो सुटला.

हा अभ्यास करणाऱ्या जेन कॉस्टेलो यांच्या गटाने २००३ साली निष्कर्ष छापले. ज्यांची घरं गरिबीतून वर आली, त्या मुलांचा भांडखोरपणा आणि उद्दामपणा कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका खाली आला. चिंता आणि नैराश्य मात्र फारसं हललं नाही. २०१० साली हीच मुलं तरुण झाल्यावर पाहिलं, तर पैसा सुरू झाला तेव्हा सर्वांत लहान असलेल्या गटात मानसिक विकार आणि दारू-गांजाचं व्यसन मोठ्या गटांपेक्षा कमी होतं. शेजारच्या, पैसा न मिळालेल्या मुलांत वयानुसार असा फरक नव्हता. बिघडायची सोडाच, पोरं सुधारली होती. कारण शोधताना आकडेवारीत एक गोष्ट ठळक दिसली: आईबापांचं मुलांवर लक्ष राहू लागलं होतं.

लक्ष राहण्याने शरीरात काय होतं? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक ओततात. हेच कॉर्टिसॉल रक्तातून मेंदूत परततं, हिप्पोकॅम्पस या भागातल्या ग्राहींना, म्हणजे निरोप पकडणाऱ्या रेणूंना, चिकटतं आणि "पुरे" असा निरोप देतं. टाकी भरली की फ्लोट वर येऊन पाणी बंद करतो, तसंच. ग्राही कमी असतील तर निरोप उशिरा पोचतो आणि कॉर्टिसॉल वाहत राहतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने उंदरांच्या पिल्लांत दाखवलं की आईने जास्त चाटलेल्या पिल्लांत या ग्राहीच्या जनुकावर मिथाइलचे टॅग, म्हणजे जनुकाचं वाचन दाबणाऱ्या रासायनिक खुणा, कमी असतात आणि ग्राही जास्त बनतात. डीएनएची अक्षरं तीच, वाचन बदलतं.

माणूस उंदीर नाही, हे खरं. पण मेक्सिकोत सरकारी रोख मदत मिळणाऱ्या कुटुंबांतल्या लहान मुलांच्या लाळेत कॉर्टिसॉल कमी आढळलं, आणि ज्यांच्या आईत नैराश्याची लक्षणं जास्त होती त्यांच्यात हा फरक अधिक होता.

उलटा उतावळेपणाही नको. अमेरिकेत १००० गरीब मातांपैकी काहींना महिन्याला ३३३ डॉलर, बाकीच्यांना २० डॉलर देऊन पाहिलं. मुलं वर्षाची असताना केलेल्या मोजणीवरून २०२२ साली "पैशाने बाळाचा मेंदू बदलला" असे मथळे झळकले. चौथ्या वर्षी मोजलं तेव्हा दोन गटांतल्या मुलांत ठोस फरक निघाला नाही.

आपल्याकडे अजून वेगळीच पंचाईत. वयात आलेली पोरगी गप्प झाली की "बाहेरचं लागलंय" म्हणत देवऋषी गाठायचा, उतारा टाकायचा. हप्त्यातले किती पैसे अशा ठिकाणी जातात कोण जाणे! कर्नाटकाने अशा अघोरी प्रथांविरुद्ध २०१७ साली कायदा केला. मानसिक आजारांवर उपचार करणारी धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्थाही बेळगावहून लांब नाही.

कट्ट्यावर दुसरी सूचनाही असते: शाळेची हजेरी दाखवा, मगच पैसे द्या. आफ्रिकेतल्या मलावी देशात, झोंबा जिल्ह्यात, शाळकरी मुलींवर हे करून पाहिलं आहे. बिनशर्त पैसे मिळालेल्या मुलींचा मानसिक ताण अट घातलेल्यांपेक्षा जास्त उतरला. पैसे आईबाप आणि मुलगी यांच्यात वाटून दिले जायचे; अटीच्या गटात आईबापांच्या वाट्याची रक्कम जितकी मोठी, तितका मुलीचा फायदा कमी, कारण घराचं उत्पन्न तिच्या हजेरीवर टांगलेलं. आणि दोन वर्षांनी योजना बंद झाल्यावर बिनशर्त गटातला फायदाही विरून गेला.