नाताळच्या सजावटीचे छायाचित्रण (सोलापूर)

नाताळच्या दिवसांत शहरातील चर्च, ख्रिस्ती वस्त्या, घरे आणि बाजार यांची रोषणाई, चांदण्या, गव्हाणीचे देखावे, तसेच उपासना, कॅरल आणि फराळ यांसारख्या प्रथा छायाचित्रांत टिपणे. हे रात्रीचे छायाचित्रण समजले जाते, पण त्यातली बहुतेक चांगली छायाचित्रे रात्री निघत नाहीत. ती सूर्यास्तानंतर आकाश निळे असते त्या पंधरा-वीस मिनिटांत निघतात. सोलापुरात ही वेळ किती वाजता येते, किती वेळ टिकते आणि त्या वेळी कुठे उभे राहायचे, हे आधी ठरवावे लागते.

सोलापुरातील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाची मुळे अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आहेत. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात आले. रंगभवनाजवळचे फर्स्ट चर्च त्याच परंपरेतले. कॅथलिक समाज पुणे धर्मप्रांतात येतो. शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे असल्यामुळे चांदणीखालच्या पताकेवरचे शुभेच्छांचे शब्दही एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेल्यावर बदललेले दिसू शकतात. चौकटीत अशी अक्षरे येत असतील तर ती कापू नयेत. छायाचित्र सोलापूरचे आहे हे नुसत्या दिव्यांच्या माळेवरून कळत नाही, ते अशा अक्षरांवरून कळते.

वेळ आणि दिशा

२४-२५ डिसेंबरला सोलापुरात सूर्य सुमारे ६ वाजून ५५ मिनिटांनी उगवतो आणि संध्याकाळी ६ च्या एखाद-दोन मिनिटे आधी मावळतो. मावळतीनंतर दहा मिनिटांनी आकाश निळे होऊ लागते आणि ६ वाजून २५ मिनिटांच्या आसपास ते झपाट्याने काळे पडते. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर सरतो. युरोपातल्या छायाचित्रकारांना तासभर मिळणारी निळी वेळ इथे पाव तासाची असते. एका संध्याकाळी एकच चर्च किंवा एकच गल्ली धरावी. दोन ठिकाणे गाठायला गेलेल्याच्या हाती दुसऱ्या ठिकाणी फक्त काळे आकाश लागते.

डिसेंबरात सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. म्हणून इमारतीच्या मागे नैर्ऋत्येचे आकाश येईल अशी जागा मिळाली तर उजेड जास्त वेळ टिकतो. मागे पूर्वेचे आकाश असेल तर पाच-सात मिनिटे लवकर काम उरकावे. आदल्या दिवशी दुपारी जाऊन मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा पाहून ठेवावी. विजेच्या तारा, खांब आणि दारात लागणाऱ्या दुचाकी कुठे येतात, तेही त्याच फेरीत कळते.

तिपाईवर कॅमेरा असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना) १००, लेन्सचे छिद्र एफ/८ आणि शटर (उजेड आत घेण्याची वेळ) २ सेकंद ही सुरुवात. दर दोन-तीन मिनिटांनी एक छायाचित्र घेत राहावे आणि आकाश उतरेल तशी वेळ ४, मग ८ सेकंदांपर्यंत वाढवावी. दिवे आणि आकाश यांचा उजेड एका क्षणी जुळतो. तो क्षण नेमका केव्हा आला हे घरी पडद्यावर पाहताना कळते, म्हणून मधे थांबू नये. तिपाईवर असताना लेन्समधली कंपरोधक यंत्रणा बंद ठेवावी आणि बटण हाताने न दाबता २ सेकंदांचा टायमर लावावा. एफ/११ ते एफ/१६ वर मोकळ्या दिव्याभोवती किरण फुटतात. लेन्सच्या छिद्राची पाती सम संख्येत असतील तर पात्यांइतके, विषम असतील तर दुप्पट. सगळ्याच चित्रांत किरण फोडले की ते खोटे वाटू लागतात. एखाद्या चित्रात पुरे.

माळा का विझलेल्या दिसतात

सर्वांत जास्त तक्रार असते ती ही : डोळ्यांना पूर्ण पेटलेली माळ छायाचित्रात अर्धी विझलेली किंवा पट्ट्यापट्ट्यांची दिसते. दोष कॅमेऱ्याचा नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. स्वस्त एलईडी माळा थेट त्या विजेवर चालतात आणि अनेक माळांत विजेच्या लहरीची एकच बाजू वापरली जाते, त्यामुळे त्या सेकंदाला ५० वेळा पेटून विझतात. शटर १/५०० सेकंद ठेवले तर काही माळा नेमक्या विझलेल्या क्षणी सापडतात. १/५० किंवा त्याहून संथ शटर ठेवले की प्रत्येक माळ एकदा तरी पेटते. व्हिडिओसाठी सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवावे.

पळणाऱ्या दिव्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या कंट्रोलरचा डबा पाळीपाळीने एकेक रांग पेटवतो, म्हणून १/५० सेकंदातही अर्ध्या रांगा काळ्याच राहतात. इथे २ ते ४ सेकंद लागतात. घर ओळखीचे असेल तर डब्यावरचे बटण दाबून माळ ‘कायम चालू’वर आणायला सांगावे. घरचे लोक हे आनंदाने करतात.

लाल आणि निळ्या एलईडीचा रंग फार लवकर फुटतो. पडद्यावर चित्र एकंदर ठीक दिसते, पण लाल भाग सपाट डाग होतो आणि त्यातली कागदाची घडी, कापडाची सुरकुती नाहीशी होते. एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड घ्यावा आणि कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात (हिस्टोग्राम) लाल रंग वेगळा तपासावा. मोबाइलवर पेटलेल्या चांदणीवर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड कुलूपबंद करावा, मग उजेडाची पट्टी खाली ओढावी. त्याआधी लेन्स सुती कापडाने पुसावी. सोलापूरचा डिसेंबर कोरडा आणि धुळीचा असतो. बोटाचा तेलकट ठसा आणि धूळ यांमुळे प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येते, आणि लोक त्याला धुके समजतात.

चांदणी आणि झाड

बेथलेहेमच्या ताऱ्याची आठवण म्हणून दारावर किंवा गच्चीत चांदणी टांगतात. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. तेव्हापासून पुढे एकेक घर उजळत जाते. घरी केलेल्या चांदणीला आकाशकंदिलासारखाच बांबूच्या कामट्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर पतंगी कागद किंवा जिलेटिन चिकटवतात. अशा चांदणीचे छायाचित्र पूर्ण अंधारात घेतले तर नुसता रंगीत ठिपका येतो, सांगाडा दिसत नाही. आकाश अजून निळे असताना खालून नव्हे तर समोरच्या जिन्यावरून, चांदणीच्या उंचीवरून घ्यावे. आत पिवळा दिवा असेल तर रंगसंतुलन (व्हाइट बॅलन्स) ३२०० ते ४००० केल्व्हिन ठेवावे. स्वयंचलित संतुलन तो ऊबदार पिवळेपणा धुऊन टाकते.

झाड म्हणजे बहुतेक घरांत प्लास्टिकचे, काही ठिकाणी सुरूची फांदी किंवा कुंडीतले अरोकेरिया. त्यावर बर्फ कापसाचा. दिवे गोल, धूसर ठिपक्यांसारखे हवे असतील तर ५० मिमी लेन्स एफ/१.८ वर ठेवावी, माणूस कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर आणि झाड त्याच्या मागे तीन-चार मीटरवर. लहान खोलीत एवढे अंतर मिळत नाही, म्हणून झाड आतल्या खोलीत आणि माणूस दारात अशी रचना करावी.

गव्हाणीचा देखावा

हा नाताळचा गाभा आहे आणि छायाचित्रांत सर्वांत जास्त बिघडतो. गोठा किंवा गुहा चुरगळलेल्या तपकिरी कागदाची नाहीतर गोणपाटाची, वर वाळलेला कडबा. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. नाताळात नवी ज्वारी अजून शेतात उभी असते, त्यामुळे देखाव्यातला कडबा मागच्या हंगामातला, फिकट आणि ठिसूळ असतो. कुरणासाठी पसरट ताटलीत गहू पेरायचे असतील तर आठ-दहा दिवस आधी पेरावेत. त्याहून आधी पेरले तर रोप लांब होऊन आडवे पडते आणि मेंढ्या त्यात बुडतात.

देखाव्यात दिवा बहुधा छताला लावलेला असतो. त्याने बाळ येशूच्या चेहऱ्यावर काळी सावली आणि कडब्यावर पांढरा डाग पडतो. दिवा समोरच्या कडेला, एखाद्या मूर्तीमागे लपवला तर उजेड गव्हाणीवर तिरका पडतो. कडब्याजवळ तारेचा तापणारा बल्ब लावू नये, एलईडीच वापरावा. कॅमेरा मूर्तींच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जवळजवळ जमिनीला टेकवून ठेवावा. उभ्याने वरून घेतलेल्या चित्रात देखावा खेळण्यांच्या दुकानासारखा दिसतो. उजेडातला फरक फार असेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन चित्रे घेऊन जोडावीत. कॅथलिक चर्चमध्ये गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची प्रथा आहे आणि बाळाची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सेच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी ठेवतात. रिकामी गव्हाण आणि भरलेली गव्हाण एकाच जागेवरून टिपली तर ती जोडी पुष्कळ सांगून जाते. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी (पूर्वेकडच्या ज्ञानी) लोकांचा सण ६ जानेवारीला असतो, सजावट साधारण तोवर राहते.

उपासना आणि कॅरल

चर्चमध्ये आदल्या दिवशीच पाळकसाहेबांना किंवा धर्मगुरूंना विचारावे. परवानगी मिळाली तरी फ्लॅश वापरू नये, वेदी आणि मंडळी यांच्या मधे उभे राहू नये आणि प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी कॅमेरा खाली ठेवावा. शटरचा आवाज बंद करण्याची सोय असते, ती वापरावी. आत आयएसओ १६००, एफ/२.८, १/१०० सेकंद पुरते. मेणबत्तीच्या उजेडातल्या चेहऱ्यासाठी आयएसओ १६००, एफ/२, १/६०. उजेड चेहऱ्यावरून मोजावा, ज्योतीवरून मोजला तर चेहरा काळा येतो. आगमनकाळाच्या मंडलात (हिरव्या पानांच्या गोल कड्यात) तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते, मधे पांढरी. किती पेटल्या आहेत यावरून आठवडा कळतो, म्हणून चारही चौकटीत घ्याव्यात.

कॅरल गाणारे रात्री घरोघरी फिरतात आणि गाताना हलतात. १/१२५ पेक्षा संथ शटरवर टाळ्या वाजवणारे हात पुसट येतात. त्यासाठी एफ/२, आयएसओ ३२००. गिटारबरोबर ढोलकी, टाळ आणि पेटी दिसली तर नवल नाही. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्तिगीताला अभंगाची आणि कीर्तनाची चाल दिली, तिचा तो वारसा आहे. वादकाचे हात आणि गाणाऱ्याचा चेहरा एका चित्रात साधावा. घराच्या दारात उघड्या दिव्याखाली गट उभा राहतो तेव्हा डोळ्यांत सावल्या पडतात. एक पाऊल बाहेर यायला सांगितले की पडवीचा उजेड तिरका येतो. लहान मुले आणि नाताळबाबा यांचे जवळून चित्र घेण्याआधी आईवडिलांना विचारावे.

२५ ची सकाळ

उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात ‘जय ख्रिस्त’ म्हणत गळाभेटी होतात आणि प्रत्येक कुटुंबाला फोटो हवा असतो. साडेदहानंतर ऊन वरून पडू लागते. कुटुंबाला इमारतीच्या किंवा कडुनिंबाच्या गर्द सावलीत उभे करावे, पण पानांतून उन्हाचे कवडसे पडत असतील तिथे नाही. समोर पांढरी थर्माकोलची शीट तिरकी धरली की चेहरे उजळतात. एफ/५.६, १/२५० सेकंद. दोन रांगा असतील तर फोकस पुढच्या रांगेवर.

दारातल्या रांगोळीत चांदणी, क्रूस आणि शुभेच्छा असतात. तिचे चित्र सव्वासात ते साडेआठ या वेळात, तिरक्या उन्हात घ्यावे, म्हणजे रांगोळीची जाडी दिसते. नंतर पावलांनी ती पुसली जाते. फराळाच्या ताटात केकबरोबर करंज्या, चकल्या, शंकरपाळी, लाडू असतात, आणि बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई. ताट खिडकीशी ठेवून खोलीतला दिवा बंद करावा. दिवा चालू राहिला तर एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने पिवळा उजेड पडतो, आणि साखरेचा रंग कधीच पांढरा येत नाही.

प्रत्येक चित्राबरोबर तारीख, चर्चचे किंवा वस्तीचे नाव आणि चांदणी घरी केली की विकत आणली, हे लिहून ठेवावे. ज्यांच्या दारातली सजावट टिपली त्यांना एक प्रत छापून द्यावी. पुढच्या वर्षी दार उघडे मिळते.