समलिंगी जोडीदाराची ग्रीन कार्ड स्पॉन्सरशिप (अमेरिका)

अमेरिकन नागरिकाने परदेशी नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी आय-१३० फॉर्म भरायचा, ही नेहमीचीच सोय आता समलिंगी जोडप्यांनाही आहे, त्याला वर्षाचा कोटा नाही.

सुरुवात कुठून धरायची यात मात्र मतभेद आहेत. साधारणपणे २६ जून २०१३ ही तारीख सांगतात, त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने विंडसर केसमध्ये १९९६च्या 'डोमा' कायद्याचं कलम ३ (केंद्र सरकारपुरतं लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचंच, असं सांगणारं) उडवलं. पण त्याआधी १९७५ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर काउंटीच्या क्लार्क (लग्नाची लायसन्स देणाऱ्या अधिकारी) क्लेला रोरेक्स यांनी समलिंगी जोडप्यांना लग्नाची सहा लायसन्स दिली होती, राज्याच्या अॅटर्नी जनरलने थांबवेपर्यंत, आणि त्यातलंच एक घेऊन रिचर्ड अॅडम्स यांनी आपल्या ऑस्ट्रेलियन जोडीदारासाठी, अँथनी सलिव्हन यांच्यासाठी अर्ज केला, त्यामुळे प्रस्तुत नोंदीचा कल १९७५कडे आहे. अर्ज फेटाळल्याच्या सरकारी पत्रात दोघांना चक्क शिवी होती. पुढे १९८२ मध्ये अपील कोर्ट म्हणालं की लग्न राज्यात वैध असेल नसेल, इमिग्रेशन कायद्यातला 'स्पाउज' म्हणजे स्त्री-पुरुषच (समलिंगी लोकांना देशात येण्यावरच असलेली बंदी १९९० पर्यंत निघाली नव्हती, हे इथे लक्षात घ्यावं). १९८५ मध्ये सलिव्हन यांच्या डिपोर्टेशनविरुद्धची दाद फेटाळणारा निकाल लिहिला जज अँथनी केनेडींनी, आणि विंडसरचा निकालही त्यांचाच! अॅडम्स डिसेंबर २०१२ मध्ये गेले, विंडसर निकालाच्या जेमतेम सहा महिने आधी. सलिव्हन यांना २०१६ मध्ये विधुर म्हणून ग्रीन कार्ड मिळालं.

आता नियम असा की लग्न जिथे लागलं तिथे ते कायदेशीर असलं की झालं. भारतात सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ला अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, म्हणून मुंबई-पुण्याच्या जोडप्याला एकतर बाहेर जाऊन लग्न लावावं लागतं, नाहीतर के-१ फियान्से (लग्न ठरलेल्या जोडीदाराचा) व्हिसा काढून अमेरिकेत पोचल्यावर ९० दिवसांत. के-१साठी दोघं गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले हवेत, आणि स्पॉन्सर नागरिकच हवा, नुसतं ग्रीन कार्ड चालत नाही. शिवाय नातं खरं आहे याचे पुरावे, म्हणजे जॉइंट अकाउंट, भाडेकरार, दोन्हीकडच्या घरच्यांबरोबरचे फोटो वगैरे, आणि घरी अजून सांगितलेलंच नसेल तर हा शेवटचा आयटम आणणार कुठून?