ढगाळ आकाशाखाली वितळणारा बर्फ

आर्क्टिकमधल्या हिमनद्यांची बातमी आली की मथळ्यात तापमानाचा आकडा असतोच. हवा तापली, म्हणून बर्फ वितळला. हवेचा हात असतो खरा, पण बहुतेकदा दुय्यम. मुख्य जमाखर्च प्रारणांचा, म्हणजे किरणांतून येणाऱ्या-जाणाऱ्या ऊर्जेचा: ऊन किती आलं, किती परतलं, आणि बर्फाने स्वतःची उष्णता आकाशाकडे किती सोडली. शिल्लक उरेल ती वितळण्यात जाते. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात. चौरस मीटरमागे १०० वॅट दिवसभर शिल्लक राहिले, तर सुमारे २६ किलो बर्फ गेला.

यातली खर्चाची बाजू मला सर्वांत मजेची वाटते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे) किरण सोडते. वितळता बर्फ शून्याच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून त्याच्या खर्चाला मर्यादा आहे: चौरस मीटरला सुमारे ३१५ वॅट. निरभ्र, कोरड्या आकाशाकडून त्या बदल्यात बरंच कमी मिळतं आणि पृष्ठभाग गार होतो. (निफाडचा पारा अशाच रात्री घसरतो.) पण पाण्याच्या थेंबांचा ढग वर आला, की तो जवळजवळ तेवढेच किरण खाली पाठवतो. खर्च भरून निघतो आणि शोषलेलं ऊन वितळण्यासाठी मोकळं राहतं. ढग ऊन अडवतो ना? अडवतो, पण ताजं हिम तसंही ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतं. ढग पातळ असेल तर वरून ऊनही झिरपतं.

जुलै २०१२मध्ये ग्रीनलंडवर हेच झालं. उबदार हवेसोबत कमी उंचीवरचे पातळ ढग आले आणि तीन हजार मीटरांहून उंच असलेल्या समिट या संशोधन केंद्रावरही हिम वितळलं. ढग आणखी जाड किंवा आणखी विरळ असते, तर तिथे पारा शून्याच्या वर गेलाच नसता, असं नंतरच्या गणितांतून दिसलं. त्या वेळचा '९७ टक्के' हा आकडा अजून फिरतो. तो वितळण दिसलेल्या क्षेत्राचा वाटा, बर्फाच्या साठ्याचा नव्हे. ती फक्त वरच्या थराची वितळण, उपग्रहांनी टिपलेली. खालचा, सरासरी दीड किलोमीटरहून जास्त जाडीचा बर्फ जागेवरच होता. जगबुडीचे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना एवढा फरक नको असतो.

ग्रीनलंड झाकणाऱ्या या हिमस्तराच्या कडेला मात्र हिशेब उलटतो. नैर्ऋत्य ग्रीनलंडमध्ये उन्हाळ्यात हिम ओसरलं की धूळ आणि शैवालाने काळवंडलेला बर्फ उघडा पडतो. तो जेमतेम ३०-४० टक्के ऊन परतवतो, त्यामुळे तिथे ढग म्हणजे सावली आणि स्वच्छ उन्हाचे दिवस जास्त घातक. ढग कुठे बर्फ वितळवणार आणि कुठे वाचवणार, हे साधारणपणे हिमरेषा (हिमाने झाकलेला भाग आणि उघडा बर्फ यांमधली सीमा) ठरवते, आणि ती उन्हाळाभर वर चढत असते.