लहान आतड्याच्या टी-पेशी लिम्फोमाचे निदान

लहान आतड्याच्या अस्तरातील टी-लसिकापेशींपासून (रोगप्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) होणारा हा कर्करोग दुर्मीळ आहे, पण वेगाने वाढतो. सिलिअ‍ॅक रोगाच्या (ग्लुटेन या गव्हातील प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा करणारा आजार) पाठोपाठ येणारा तो ईएटीएल (एंटरोपॅथीशी निगडित टी-पेशी लिम्फोमा) आणि सिलिअ‍ॅकशी संबंध नसलेला तो एमईआयटीएल (एकसारख्या पेशींचा, अस्तरात शिरणारा टी-पेशी लिम्फोमा), असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. २०१६ पर्यंत एमईआयटीएलला ईएटीएलचाच दुसरा प्रकार धरत.

पोटदुखी, जुलाब, घटणारे वजन ही लक्षणे क्षयात आणि क्रोन रोगातही (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) दिसतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. ग्लुटेन काटेकोर वर्ज्य करूनही सिलिअ‍ॅकचा त्रास पुन्हा उफाळला, तर मात्र लिम्फोमाची शंका घ्यावीच. आतडे फुटल्यावर तातडीची शस्त्रक्रिया होते आणि कापलेल्या तुकड्यात रोग सापडतो, असे अनेकदा घडते.

सीटी एंटरोग्राफीत (लहान आतड्याचे सीटी चित्रण) जाडावलेली भिंत, अरुंद भाग आणि सुजलेल्या लसिकाग्रंथी दिसतात. कॅप्सूल एंडोस्कोपीने (गिळायच्या कॅमेऱ्याने) व्रण दिसतो, पण नमुना घेता येत नाही. शिवाय अरुंद जागी कॅप्सूल अडकू शकते, म्हणून आधी सीटी पाहावा. नेहमीचा एंडोस्कोप पोचत नाही तिथे डबल-बलून एंटरोस्कोप (दोन फुग्यांच्या मदतीने खोलवर सरकणारी दुर्बीण) लागतो.

नमुने व्रणाच्या कडेवरून आणि शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातून, किमान सहा-आठ घ्यावेत. तळातून बहुधा मृत ऊतकच हाती येते. नमुने १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाकावेत. द्रव ऊतकाच्या किमान दहापट हवा. फ्लो सायटोमेट्री (सुट्या पेशींवरील प्रथिने मोजणारी चाचणी) करायची असेल तर एक तुकडा ताजाच पाठवावा, कारण फॉर्मॅलिनमध्ये गेलेला तुकडा त्या कामाचा राहत नाही. बायॉप्सीआधी क्रोन समजून स्टेरॉइड सुरू केले, तर अर्बुद (कर्करोगाची गाठ) तात्पुरते आकसते आणि अहवाल फसवा येतो.

दोन्ही प्रकारांत पेशी सीडी३ दाखवतात (सीडी आणि आकडा ही पेशीवरील ओळखीच्या प्रथिनांची नावे), सीडी५ सहसा नाही. सीडी८ व सीडी५६ दोन्ही असल्यास कल एमईआयटीएलकडे. ईएटीएलच्या मोठ्या पेशींत सीडी३० बऱ्याचदा आढळतो. एप्स्टीन-बार विषाणूसाठीची ईबीईआर चाचणी सकारात्मक आली, तर नाकाशी जास्त निगडित असलेल्या एनके/टी लिम्फोमाचा विचार करावा. टी-ग्राहक जनुकांची एकच मांडणी सर्व पेशींत सापडली, म्हणजे त्या एकाच पेशीच्या वंशज (क्लोन) ठरल्या, म्हणून लिम्फोमा सिद्ध होत नाही. उपचाराला दाद न देणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या दुसऱ्या प्रकारातही असा क्लोन असतो. मंदगती टी-पेशी विकारातही तो आढळतो, पण तिथे केआय-६७ (विभाजन होत असलेल्या पेशींचे प्रमाण दाखवणारी खूण) फार कमी असते आणि तीव्र केमोथेरपी देण्याचे कारण नसते. म्हणून केआय-६७ चा आकडा अहवालात मागून घ्यावा.