मूल पाळणाघरात सोडताना: नवीन पालकांनी आधी वाचावं असं काही

नाव नोंदवायला येणारे बहुतेक पालक आम्हाला दोन गोष्टी विचारतात. पहिली, ‘फी पूर्ण महिन्याची घेता, मग पहिले दहा दिवस बाळाला तास-दोन तासच का ठेवता?’ दुसरी, ‘ती खेळात रमली की आम्ही हळूच निघालो तर चालेल ना? म्हणजे रडणार नाही.’ ऑफिसची वेळ, डोंबिवलीची लोकल, फलाटावरची गर्दी हे सगळं डोक्यात असताना दारात उभं राहून उत्तर ऐकायला कुणालाच सवड नसते. म्हणून लिहून देत आहोत. घरी निवांत वाचा. न्यायला-आणायला आजी-आजोबा येणार असतील तर त्यांनाही वाचायला द्या.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. हळूच निघून जाऊ नका. बाळ कितीही लहान असलं तरी सांगून निघा.

मागच्या वर्षी दीड वर्षाची एक मुलगी आमच्याकडे यायला लागली. तिसऱ्याच दिवशी ती वाट्या-चमचे घेऊन छान खेळत बसली होती. आईने ताईंना खूण केली आणि चपला हातात घेऊन ती बाहेर पडली. दोन मिनिटांनी मुलीने वाटी दाखवायला मान वर केली, तर आई नाही. ती उठली, सतरंजीभोवती फिरली, मोरीच्या दारामागे डोकावली. मग चपलांच्या स्टँडपाशी गेली आणि आईच्या चपला असायच्या त्या कप्प्यावर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. रडणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं आणि थांबायला तीन आठवडे लागले. ताई पाणी आणायला उठल्या तरी किंचाळायची. खेळायला बसली तरी तोंड दाराकडे. डोळा लागला की दचकून उठायची. घरीही आई बाथरूमला गेली की दार बडवते, असं आईनेच नंतर सांगितलं.

त्या मुलीला कळलं ते एवढंच, की आपण खेळात गुंतलो की आई नाहीशी होते. मग ती पुन्हा खेळात गुंतेल कशाला? आईचा हेतू चांगलाच होता, लेकराचं रडणं तिला पाहवत नव्हतं. पण निरोप घेताना मूल रडतं ते आई जातेय म्हणून, आणि ते ताईच्या खांद्यावर बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत शांत होतं. फसवलं गेल्यावरचं रडणं इतक्यात थांबत नाही.

याचा भार इतर बाळांवरही पडतो. आमच्याकडे दोन वर्षांखालच्या चार बाळांमागे एक ताई असतात. त्यातलं एक बाळ तीन आठवडे कडेवरून उतरेना झालं, की उरलेल्या तिघांचं भरवणं, शू-शी, झोपवणं दुसऱ्या ताईंकडे जातं. तुमचं बाळ त्या तिघांपैकी एक असू शकतं, एवढं लक्षात घ्या.

निरोप कसा घ्यायचा ते सोपं आहे. रोज एकाच जागी, त्याच शब्दांत. ‘आई ऑफिसला जातेय. तू झोपून उठलीस, दूध प्यायलीस की आई येणार.’ पापा घ्या, बाळाला स्वतः ताईंच्या हातात द्या आणि निघा. ‘सहा वाजता येते’ म्हणून काही उपयोग नाही, बाळाचं घड्याळ डबा, झोप आणि दूध यांवर चालतं. जिन्यात रडणं ऐकू आलं म्हणून परत वर येऊ नका. रडू थांबलं की आम्ही फोटो पाठवतो, तो गाडीत बघा. आणि लोकल खोळंबली, उशीर होणार असला तर फोन करा. तो निरोप आम्ही बाळाच्या कानावर घालतो, सात महिन्यांच्या बाळाच्यासुद्धा.

आता दहा दिवसांचं. पहिले तीन दिवस आई, बाबा किंवा आजी यांपैकी एकाने बाळाबरोबर तासभर खोलीत बसायचं. मोबाईल बाजूला ठेवून, भिंतीला टेकून नुसतं बसायचं. बाळ लांब गेलं तर जाऊ द्या, परत आलं तर कुशीत घ्या. त्या तासात ताई हळूहळू जवळ येतात: आधी खेळणं पुढे करतात, मग खाऊ भरवतात, मग तुमच्यासमोर दुपटं बदलतात. चौथ्या दिवशी तुम्ही सांगून बाहेर जायचं, थोड्याच वेळासाठी, आणि जिन्याच्या खाली थांबायचं. ताईंच्या कडेवर बाळ शांत झालं तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवायची, नाही झालं तर पुन्हा दोन-तीन दिवस बरोबर बसायचं. जर्मनीत ही पद्धत ‘बर्लिन मॉडेल’ म्हणून ओळखली जाते. पहिले तीन दिवस मुलाला पालकांपासून अजिबात वेगळं करायचं नाही हा नियम तिथलाच. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर वेगळं करणं मंगळवारवर ढकलायचं, हेही तिथलंच. शनिवार-रविवार घरी काढून आलेलं मूल सोमवारी हळवं असतं, हा अनुभव आमचाही आहे.

या दिवसांत त्या ताईंकडे दुसरं नवीन बाळ आम्ही देत नाही, त्यांची एक जागा रिकामी ठेवतो. बाळ तासभर असलं तरी ताई दिवसभराच्या असतात. फी पूर्ण घेतो ती यासाठी. पहिल्याच दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सात ठेवून घेणारी पाळणाघरंही मिळतील. आम्ही ते करणार नाही.

म्हणून विनंती अशी, की कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी येऊ नका. मातृत्व लाभ कायद्यात 2017 ला झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले शेवटचे दोन-तीन आठवडे पाळणाघरासाठी राखून ठेवा. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमाराला बाळ परक्या चेहऱ्याला बुजायला लागतं, त्याआधी ताईंची ओळख झालेली बरी. कायद्याप्रमाणे 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. तुमच्या ऑफिसात याची चौकशी जरूर करा. ऑफिस फीचा परतावा देत असेल तर रीतसर पावती आम्ही देतो.

बाळ येताना घरातली एक वापरलेली ओढणी किंवा आजीची गोधडी आणा, मुद्दाम न धुता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आम्हाला तुमच्या घरी येता येत नाही, तेव्हा घराचा वास इकडे आणायचा.

आता, चांगलं पाळणाघर ओळखायचं कसं? आमच्याकडे या नाहीतर दुसरीकडे जा, पण भिंतीवरची चित्रं आणि एसी बघून ठरवू नका. एका ताईंकडे किती बाळं, आणि त्या ताई किती वर्षं तिथे आहेत, हे विचारा. दर तीन महिन्यांनी ताई बदलत असतील तर बाळाला दर तीन महिन्यांनी नव्याने रुळावं लागतं. आमच्या सगळ्यात जुन्या ताई अकरा वर्षं आहेत, त्यांचा पगार वेळेवर होतो आणि त्यांनाही हक्काच्या रजा आहेत. मग एकदा दुपटं बदलताना पाहा. ताई मागून येऊन बाळाला उचलतात, की समोर बसून हात पुढे करून म्हणतात, ‘चल, ओलं झालंय ना, बदलू या’, आणि बाळाने हात वर करेपर्यंत थांबतात? मला कुणी एकच खूण विचारली तर मी हीच सांगते. दिवसातून पाच-सहा वेळा ते बाळ कुणाच्या तरी हातात असतं, त्याच्याशी कुणीतरी पूर्ण वाक्यात बोलत असतं. भाषा तिथे शिकली जाते.

तीन वर्षांच्या मुलांचे पालक वही मागतात. आम्ही वही देत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा एकत्र धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. आमच्याकडे मुलं कणीक मळतात, मटार सोलतात, राजमा आणि चवळी वेगळी करतात. पेन्सिल धरायची ताकद त्या बोटांत तिथून येते.

खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण मोबाईलवर मिळेल का, असंही विचारतात. नाही. त्यात दुसऱ्यांचीही बाळं असतात, कपडे बदलत असतात. त्याऐवजी आमच्या पालकांना न कळवता केव्हाही आत यायची मुभा आहे.

नवीन पालकांनी जागा पाहायला सकाळी साडेदहा ते साडेअकरा या वेळेत यावं, शक्यतो बाळाला घेऊन. साडेबारानंतर मुलं झोपलेली असतात. तेव्हा यायचं झालं तर बेल वाजवू नका, दारावर हलकी टकटक करा. मावशी दाराशीच बसलेल्या असतात.