केशरी दिव्यामागचा प्राणवायूचा हिशेब

ऐन आषाढात गोव्यातल्या फोंड्याच्या एका गॅरेजात गाडी येऊन उभी राहिली. मालक पंचविशीतला, गाडी सेकंडहँड. कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा बदललेला हिशेब, सगळे दागिने अंगावर. चोर्ला घाट चढताना ‘चेक इंजिन’चा केशरी दिवा लागला. बेळगावात कुणीतरी स्कॅनर लावला, पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, हा बिघाडाचा कोड वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला. दोन दिवस दिवा गप्प होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. इथल्या मिस्त्रीने बॉनेटला हात लावण्याआधी एवढंच विचारलं, “बाबा, ह्या गाडीत काय काय बदललंस ते आधी सांग.”

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे पाऊणशे वर्षांची गोष्ट आहे. गंमत अशी की हा दिवा चालकाच्या सोयीसाठी जन्मालाच आला नाही. तो आला हवेसाठी.

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं साचू लागलं. सुरुवातीला संशय कारखान्यांवर होता. कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, १९७० मध्ये अमेरिकेचा कडक स्वच्छ हवा कायदा आला आणि १९७५ च्या मॉडेलांपासून तिथल्या बहुतेक गाड्यांच्या पोटाखाली धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला.

पुढे आलेल्या तिहेरी कन्व्हर्टरचे नखरे फार. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडं या तिन्हींना एकाच वेळी आवरायचं, तर एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा हे प्रमाण जवळजवळ नेमकं सांभाळावं लागतं. हवा जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडं तशीच सुटतात. पेट्रोल जास्त झालं की बाकीची दोन. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरला हे जमण्यासारखं नव्हतं. त्याची जेट म्हणजे पितळेतलं भोक. हवा थंड आहे की गरम, गाडी समुद्रकिनाऱ्यावर आहे की घाटमाथ्यावर, याचं त्याला सोयरसुतक नाही. म्हणून बॉशचा लॅम्डा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर, आला. १९७६ मध्ये व्होल्व्होने तो अमेरिकेसाठीच्या गाड्यांत पहिल्यांदा बसवला.

इथे जरा थांबायला हवं, कारण अर्धीअधिक चुकीची निदानं याच जागी होतात. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही. धुरात प्राणवायू उरला आहे की नाही, एवढंच तो पाहतो. प्राणवायू उरला नाही तर व्होल्टेज ०.९ च्या आसपास, उरला तर ०.१ कडे, मधल्या ०.४५ वर तो झटकन कूस बदलतो. तो प्राणवायू आला कुठून, हे त्याला कळत नाही. एक्झॉस्टच्या सांध्याला सेन्सरच्या आधी चीर असेल, तर धुराच्या ठोक्यांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर म्हणतो ‘लीन’, म्हणजे पेट्रोल कमी. प्लग मिसिंग मारत असेल, म्हणजे ठिणगी चुकत असेल, तर न जळलेला प्राणवायू तसाच बाहेर पडतो, तेव्हाही ‘लीन’. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक, पेट्रोल वाढवतो. मग कोड सांगतो पेट्रोल कमी आहे आणि प्लग काढून बघावा तर काजळीने काळा. अशा वेळी सेन्सरला दोष देणं म्हणजे निरोप आणणाऱ्यालाच बडवणं.

दिवा स्वतः थोडा नंतरचा. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये आपल्या अमेरिकी गाड्यांत कॉम्प्युटर बसवला, तेव्हा ‘चेक इंजिन’ ही अक्षरं डॅशबोर्डवर आली. दोन पिना जोडल्या की दिवा उघडमीट करून कोड सांगायचा. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२, म्हणजे सोळा पिनांचा एकसारखा पोर्ट आणि एकसारखे कोड आले. दिवा लावण्याची कसोटी ढोबळमानाने अशी, की बिघाडामुळे प्रदूषण मर्यादेच्या दीडपट होण्याची शक्यता आहे का. म्हणूनच काही गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं तरी हा दिवा लागतो आणि ब्रेकचे लायनर झिजले तरी लागत नाही. मात्र तो लुकलुकू लागला, तर मिसिंगमुळे कन्व्हर्टर भाजतो आहे असं समजून पाय उचलावा.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. मुक्तीपूर्वीच्या गोव्यात परदेशी बनावटीच्या गाड्या होत्या. १९६१ नंतर हळूहळू फिॲट आणि ॲम्बेसेडरचं राज्य आलं, १९८३ नंतर मारुतीचं. मिश्रण जुळवणं म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, कान आणि प्लगचा रंग. बिस्किटासारखा तपकिरी प्लग उत्तम, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी. घाट चढताना हवा विरळ होऊन मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, व्हायचं, गाडी जड ओढायची. त्यावर कुणी कोड शोधला नाही. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. २००० मध्ये शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. त्याच सुमारास ‘एमपीएफआय’, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, हा शब्द गाडीच्या पाठीवर मिरवू लागला. ओबीडी, म्हणजे ती स्वयंतपासणी, बीएस-४ (भारत स्टेज हे प्रदूषणाचे निकष) गाड्यांत २०१० पासून दोन टप्प्यांत आलं, दुसरा टप्पा २०१३ चा. बीएस-४ स्वतः देशभर लागू व्हायला २०१७ चा एप्रिल उजाडला आणि बीएस-६ २०२० च्या एप्रिलमध्ये. कान आणि प्लगवर पोसलेल्या मिस्त्र्यांच्या पिढीला एका दमात कॉम्प्युटरशी बोलायला शिकावं लागलं. काहींनी स्कॅनर घेतला आणि कान बंद केले, हे मात्र वाईट झालं.

आता बदल केलेली गाडी. कंपनीने कॉम्प्युटरमध्ये जो हिशेब लिहिला, तो कंपनीच्याच पाइपांचा. आत येणारी हवा तापलेल्या तारेने मोजतो तो एअरफ्लो सेन्सर. कोन फिल्टर लावताना त्याच्याभोवतीची नळी रुंद झाली, तर तेवढीच हवा त्या तारेवरून सावकाश जाते आणि सेन्सर कमी हवा मोजतो. तेल लावलेल्या फिल्टरचं तेल त्या तारेवर बसलं तरी मोजणी बिघडते. सेन्सरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, रबरी नळी सैल असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. ज्या छोट्या गाड्यांत मोजणी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, दाबावरून होते, तिथे तीच गळती वेगळी दिसते: दाब वाढलेला कॉम्प्युटरला कळतो, मिश्रण फारसं बिघडत नाही, आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनच्या फेऱ्या, मात्र चढतो. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकणाऱ्यांची वाट पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर काम करत नाही हा कोड, बघत असतो. कन्व्हर्टरच्या मागचा दुसरा ऑक्सिजन सेन्सर फसवायला त्याला धुरापासून दूर धरणारा स्पेसर लावतात. तो दिवा विझवतो, धूर नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं आहे.

त्यात २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असतो, त्यामुळे या मिश्रणाला सुमारे १३.५ पट हवाच पुरते. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या गाडीला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. कॉम्प्युटरला अशी दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, करण्याची मुभा असते, पण बहुतेक गाड्यांत ती वीस-पंचवीस टक्क्यांपलीकडे गेली की दिवा लागतो. त्यातला काही वाटा इंधनानेच खाल्ल्यावर बाकीच्या चुकांना जागा कमी उरते. आमच्याकडच्या खाऱ्या, ओल्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, ते वेगळंच.

फोंड्याच्या त्या मिस्त्रीने कोड पुसला नाही, ट्रिम बघितली. आयडलला अधिक बावीस टक्के. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं, तर अधिक सात. पेट्रोलचा पंप किंवा पेट्रोलचा फिल्टर अशक्त असता तर आकडा जोर दिल्यावर चढला असता. इथे उलटं होतं, म्हणजे चोरटी हवा: आयडलला एकूण हवाच कमी, म्हणून तीच गळती मोठी दिसते. गळती शोधायला त्याने हवेच्या नळीत धूर सोडला. कोन फिल्टरच्या नळीची क्लिप, सेन्सरच्या पुढची, अर्धी वळून बसली होती. धूर तिथूनच निघाला. नवी क्लिप बसवून, दुरुस्तीची जुनी नोंद पुसून त्याने मालकाला कुर्टीपर्यंत एक फेरी मारायला लावली. परत आल्यावर आयडलला अधिक चार.

“हे चार?” मालकाने विचारलं.

“ते पेट्रोलाचे,” मिस्त्री म्हणाला आणि स्कॅनरची वायर गुंडाळू लागला.